तौनोच्या बरणीतलं निळं कडं

तौनो तिक्कानेन कमी बोलतो. आमच्या कयानीच्या बाजूला, दूर उत्तरेच्या या बर्फाळ मुलखात, यात काही विशेष नाही, पण तौनो आमच्यातही कमी बोलतो. अडतीस वर्षं तो गाड्या दुरुस्त करतोय. गेली पंधरा वर्षं तर मुख्यतः गाड्यांच्या आतलं बोलणंच. हल्लीच्या गाडीत इंजिन, ब्रेक, दिवे यांचे वेगवेगळे इलेक्ट्रॉनिक डबे असतात आणि पीळ घातलेल्या दोन तारांवरून ते एकमेकांना निरोप देतात. निरोप अडले की गाडी अडते, आणि लोक तौनोकडे येतात. बायकोशी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस दुसऱ्यांचं बोलणं जुळवून देतो, असं मी, त्याची जुनी गिऱ्हाईक, त्याला चिडवते. तो कॉफी पितो.

गेल्या जानेवारीत माझीच टॅक्सी अडली. दूरच्या वस्त्यांवरची सात मुलं मी रोज शाळेत नेते. वीसेक मिनिटं गाडी नीट चाले, मग समोरचे इशाऱ्याचे सगळे दिवे एकदम पेटत आणि इंजिन बंद. उणे सत्तावीस अंश, जंगलातला रस्ता, मागे सात मुलं. दोनदा झालं. नगरपालिकेत शाळेच्या टॅक्सींचं काम बघणाऱ्या सिर्कूने मला बोलावून घेतलं.

"हिल्का, शुक्रवारपर्यंत कारण लेखी आण. नाहीतर हा मार्ग मला दुसऱ्याला द्यावा लागेल."

मार्ग गेला असता तर मी काय केलं असतं? वय एकसष्ट, नवरा गेलेला, आणि गाडी चालवण्यापलीकडे मला काही येत नाही. मी घाबरले होते.

शहरातल्या एका वर्कशॉपने तपासणीचं यंत्र लावून कागद दिला होता: इंजिनचा डबा उत्तर देत नाही, बदला. तौनोने तो कागद दोनदा वाचला.

"उत्तर देत नाही म्हणजे मेला असं नाही. दुसरं कुणी सारखं ओरडत असेल, तर त्याचं ऐकू कुठून येणार?"

"आमच्या घरी अगदी असंच आहे," रोज तौनोच्या गॅरेजमध्ये कॉफीला येऊन बसणारा वायनो म्हणाला.

गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये राहिली आणि एकदाही बिघडली नाही.

"तुझ्याकडे आली की शहाण्यासारखी वागते मेली," मी म्हणाले.

"इथे ऊब आहे," तौनो म्हणाला. "आज रात्री तुझ्या अंगणात बर्फातच राहू दे."

बुधवारी मुलं दुसऱ्या टॅक्सीने गेली आणि तौनो माझ्या शेजारी येऊन बसला. तळ्याच्या वळणावर इशाऱ्याचे दिवे पेटले, गाडी थांबली. तो हातमोजे काढून उतरला आणि एकेका डब्याची तार सोडवू लागला.

"दिवे?"

"आहेत."

"आता?"

"आहेत."

मग तो मागच्या बंपरखाली वाकला.

"आता?"

"गेले."

किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. तौनो मात्र मागे तसाच उभा होता. हातात काड्यापेटीएवढा डबा, त्यातून पाणी ठिबकत होतं. लाकडं आणायचा माझा ट्रेलर जोडता यावा म्हणून सप्टेंबरमध्ये त्यानेच तो बसवला होता. आत गेलेला बर्फ धुराच्या नळीच्या उबेने वितळे, पाण्याने दोन तारा जोडल्या जात आणि सगळ्यांचे निरोप अडत. गॅरेजमध्ये सगळं सुकून जाई.

परत येताना तो डबा उलटसुलट करून बघत राहिला.  

गॅरेजमध्ये त्याने फळीवरची बरणी काढली. झाडताना जमिनीवर सापडलेलं काहीबाही तो तिच्यात टाकतो. टेबलावर ओतून त्याने एक निळं रबरी कडं उचललं आणि डब्याच्या तोंडावर ठेवलं. चपखल बसलं. वायनोने कप खाली ठेवला.

"सप्टेंबरमध्येच सापडलं होतं," तौनो म्हणाला. "माझ्याकडून काही राहायचं नाही, असं धरून चाललो."

मग तो सिर्कूला द्यायचं कारण लिहायला बसला. मी त्याचा हात धरला.

"आत ओल शिरली, एवढंच लिही ना. ते काही खोटं नाही."

"ओल शिरली. पण वाट कुणी ठेवली?"

"पालिकेच्या चार गाड्या तुझ्याकडे येतात. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ओल शिरली म्हटलं तर सिर्कू म्हणेल, पुन्हा शिरेल. आणि तुझा मार्ग काढून घेईल." त्याने माझा हात बाजूला केला.

कागदावर तीन वाक्यं होती. गाडीत दोष नाही. चालवणारीचा दोष नाही. सप्टेंबरमध्ये रबरी कडं बसवायला मी विसरलो. खाली सही.

मार्ग माझ्याकडे राहिला. मार्चपासून पालिकेच्या चारही गाड्या दुरुस्तीला शहरात जाऊ लागल्या. मला सिर्कूचा राग आला, तौनोचाही आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.  त्याची बरणी आता रिकामी आहे. जमिनीवर काही सापडलं की ते कुठलं हे कळेपर्यंत तो पुढचं काम धरत नाही.

शरदात सिर्कूने सहज विचारलं, "आता गाडी कुणाला दाखवतेस?"

"तौनोला."

"अगं, पण चूक त्यानेच केली होती ना?"

"हो," मी म्हणाले. "आणि ते तुला कुणी सांगितलं?"