अर्धविरामाचं भांडण

घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ती माहितीपुस्तिका लिहायची. खोक्यात काय काय आहे, ते कसं जोडायचं, काय अजिबात करायचं नाही. ऑफिसात सगळे तिला विरामबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. आईवडील गेल्यापासून ती एकटीच राहत होती. धाकटी बहीण परदेशात. तिचा फोन यायचा तो मुलांच्या परीक्षा आटपल्या की.

मनापासून बोलणं व्हायचं ते एकाच माणसाशी, आणि तेही भांडणच. छापखान्यात तिची पानं लावणाऱ्या त्या माणसाला तिने कधी पाहिलं नव्हतं. पानं लावून झाली की त्याचा फोन यायचा.

“बाई, मिक्सरच्या यादीत एवढे अर्धविराम कशाला? पानाला मुंग्या लागल्यासारखं दिसतंय.”

“मोठं भांडं, झाकण, पातं, छोटं भांडं, झाकण, पातं. आता सगळीकडे स्वल्पविराम टाका आणि सांगा, कुठलं झाकण कशाचं?”

“आणि माझे आकडे का काढलेत? किती सुबक लावले होते!”

“अहो, खोक्यातल्या वस्तूंना कसला आलाय क्रम? त्यांना नुसती टिंबं पुरे. आकडे जोडणीच्या पायऱ्यांना लावा. तिथे मागचं पुढे झालं तर माणसाचं बोट कापेल.”

“बरं, तुमचंच खरं,” म्हणून तो फोन ठेवायचा आणि पुढच्या पुस्तिकेत पुन्हा तेच करून ठेवायचा. मुद्दाम करतो की काय, अशी तिला शंका यायची. विचारलं मात्र नाही कधी.

मग एकदा पाणी तापवायच्या किटलीची पानं आली. सगळं जागच्या जागी. इतकं, की एका पायरीत ‘झाकण उघडा’ आणि पुढच्या पायरीत ‘पाणी भरावे’ अशी तिच्याच हातून झालेली गल्लतही तशीच राहिली होती. त्याने हे पाहिलं असतं तर दिवसभर तिचं डोकं खाल्लं असतं. फोन आलाच नाही.

शेवटी तिनेच केला. एका मुलीने उचलला.

“ते काका ना? त्यांनी काम सोडलं. डोळ्यांनी नीट दिसत नाही त्यांना. तुमचं मी जसंच्या तसं लावलंय. बरोबर आहे ना?”

“हो. बरोबर आहे,” ती म्हणाली. ‘भरावे’चं तिने स्वतःच ‘भरा’ केलं. दुपार नुसती पडून राहिली.

मुलीकडून पत्ता घेऊन ती सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे गेली. शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. दार त्यानेच उघडलं. शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली. त्याने चाचपडत खुर्चीवरचे कपडे उचलले, चहा केला. आवाज तोच होता, पण त्या अनोळखी चेहऱ्याकडे न बघता ती कपाकडेच बघत राहिली. तोही खिडकीकडे तोंड करून बसला.

“बाकी काय?” त्याने विचारलं.

“चाललंय.”

जरा वेळाने तिने तेच विचारलं, त्याने तेच उत्तर दिलं. चहा संपला तशी ती उठली. जिना उतरताना तिला वाटलं, होतं नव्हतं तेही आपण इथे येऊन घालवलं.

पुढे बरेच दिवस ती ऑफिसातून घरी येई आणि दिवा लावून नुसती बसून राही. अशाच एका संध्याकाळी फोन वाजला.

“बाई, छापखान्यातल्या मुलीकडून तुमच्या घरचा नंबर घेतला. रागावू नका. त्या दिवशी मला बोलताच आलं नाही. समोर माणूस असलं की माझं असंच होतं.”

“माझंही,” ती म्हणाली.

मग त्याने विचारलं, “जेवलात का?”

सवयीने ‘हो’ म्हणायला गेली आणि थांबली. “नाही अजून.”

“मग जेवून घ्या. मी आहे फोनवर.”

तिने सकाळचंच गरम केलं, ताट वाढून घेतलं, रिसीव्हर ताटाशेजारी ठेवला आणि जेवायला बसली. पलीकडून त्याच्या पंख्याची घरघर येत होती. मध्येच तो खोकला. ती जेवत राहिली.