कंद नसलेलं झाड

अंदमानातल्या एका रोपवाटिकेत मी दोन वर्षं कंत्राटावर होतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. बानं हळद पिकवून मला वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. केलं, हे मी विसरलो नव्हतो. म्हणून आई गेली आणि तो घरात एकटा उरला, तेव्हा मी परत आलो.

येताना ओल्या फडक्यात गुंडाळून एका रानफुलाच्या काड्या आणल्या. तिकडं ते लाटांच्या अगदी जवळ, वाळूवर पसरतं. सूर्यफुलाच्या कुळातलं, दिसायला आपल्या पिवळ्या भांगऱ्यासारखं. रोपवाटिकेतल्या मावशींनी काड्या कापून दिल्या. दोन वर्षं 'खाना खाया क्या' असं मला विचारणाऱ्या त्याच एक होत्या. म्हणाल्या, "समुंदर के बिना मुश्किल है. फूल आया तो फोटो भेजना. नहीं आया तो भी बताना, हँसूँगी नहीं."

ते फूल मला त्यांना दाखवायचंच होतं. त्या बेटाशी माझं दुसरं काही नातं उरलं नव्हतं.

घरात आम्ही दोघंच. सकाळी बा शेतात जायचा, दुपारी मी वसमतला शिकवण्या घ्यायला. आई गेल्यावर कळलं, की आमचं दोघांचं बोलणं तिच्यामार्फतच चालायचं. आता जेवताना भांड्यांचाच आवाज.

अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये काळी माती आणि मूठभर वाळू घालून मी काड्या लावल्या. पावसाळ्यात त्या तरारल्या. थंडी सरताना पानं पिवळी पडू लागली. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं गुदमरतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. तरी वाळू आणायचं काम मी उद्यावर ढकलत राहिलो.

त्याच दिवसांत हळदीची काढणी चालू होती. एका संध्याकाळी वसमतहून आलो तर ड्रम पालथा. माती अंगणभर पसरलेली आणि बा कुदळ घेऊन तिच्यात उकिडवा बसलेला.

"आरं, खाली काहीच न्हाई की याच्या!"

"बा, काहून उपटलं?"

"पानं पिवळी पडली व्हती. म्हनलं, पिकलं. तू शिकवन्या घेत फिरून राहिला, तुला वखत कुठं? म्हनलं, आपनच काढून ठिवावं." त्यानं पुन्हा एकदा माती चाळून पाहिली. "दोन वर्सं राहून लेका, बिनकंदाचं आनलंस व्हय?"

हळदीचं पान पिवळं पडलं की पाला कापायचा आणि खणायचं. त्याला दुसरं काय सुचणार? तरी मला राग आलाच. मग कापलेले शेंडे दिसले. हळदीचा पाला तो बांधावर फेकून देतो. हे मात्र सुतळीनं बांधून सावलीत ठेवलेले.

"मंग याचं बेनं कशाचं ठिवायचं?" त्यानं विचारलं.

"काडीच लावायची, बा. वाळूत."

दुसऱ्या दिवशी बाला मोटारसायकलवर मागं बसवून, सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या पात्रातून पोतंभर वाळू आणली. वाटेत मी त्याला मावशींबद्दल सांगितलं. सलग एवढं त्याच्याशी मी कधीच बोललो नव्हतो. सगळं ऐकून तो म्हणाला, "सरळ चालव."

नऊ काड्यांतल्या दोन लागल्या. फूल आलं ते कोटाच्या गुंडीएवढं. बा त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिला.

"एवढंच?"

"एवढंच."

"धाड मावशीला फोटो."

धाडला. व्हॉट्सॲपवर फोटोखाली एकच टिक आली, पोचल्याची दुसरी अजून आलेली नाही. फोन लावला तर बंद लागतो. रोपवाटिकेत आता ओळखीचं कुणी नाही.

रोज जेवताना बा विचारतो, "आलं का मावशीचं?"

"न्हाई, बा."

तो हात धुतो आणि तांब्या घेऊन ड्रमकडं जातो. मी आतूनच ओरडतो, "कमी घाल!"