मिशन बेगमी

बेअरिंग मागायला गेलं की बाई आधी विचारायच्या, "आणि उद्या?" उद्याचं उत्तर आपल्याकडे नसायचं. मग त्या एक बेअरिंग हातावर ठेवायच्या आणि रॅकवर उरलेल्यांकडे अशा बघायच्या, जणू ती आपल्यापासूनच वाचवायची आहेत.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात त्या स्टोअर सांभाळत. मी अकाउंट्समध्ये. तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल: सुतळीपासून फ्यूजपर्यंत सगळं जवळ असतं, आणि देताना जिवावर येतं.

नवे मॅनेजर आले. त्यांनी प्रत्येकाला आपापल्या खात्याची 'स्ट्रॅटेजी' विचारली. आम्ही लांबलचक वाक्यं जुळवली. बाई म्हणाल्या, "बेगमी."

"म्हणजे?"

"फारसीतून आलाय, सर. बे म्हणजे विना, गम म्हणजे दुःख, काळजी. पुढची तरतूद आज केली की उद्याचा घोर नाही. पावसाळ्याआधी घरात धान्य भरून ठेवायचे ना, तीच."

"वा मॅडम! काय वर्ड आहे!"

मी घरी शब्दकोश उघडला. बरोबर होतं. फक्त इतकी काळजी करणारी बाई मी दुसरी पाहिली नव्हती. लासलगावला भाचीच्या लग्नाला गेल्या, तर हळदीच्या गलक्यातून फोन: "खालच्या रॅकला ओल नाही ना आली?"

काही दिवसांतच भिंतीवर फलक लागला: 'मिशन बेगमी'. साहेबांनी भाषण केलं. भविष्याचा विचार करून माल साठवणं बंद. लागेल तेव्हा मागवायचं. स्टोअरच्या जागी कॉन्फरन्स रूम. टाळ्या झाल्या.

बाई उठल्या. "सर, जुन्या प्रेस मशीनचे रबरी ऑइल सील आता कुणी बनवत नाही. तेवढा एक कप्पा राहू द्या."

"अहो मॅडम, शब्द तर तुमचाच घेतलाय!"

"शब्द ठेवा तुम्ही. मला कप्पा द्या."

कप्पा मिळाला नाही. बाईंना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कोणाची, हे पत्रात नव्हतं.

शाल-श्रीफळ उरकलं. मी गेटवर आलो, तर बाई आमचं स्टोअर भरून नेणाऱ्या भंगारवाल्याशी घासाघीस करत होत्या.

"काय ताई, सडकं रबर घेऊन काय करणार?"

"सडकंय, मग भाव कसला सांगतोस?"

एक खोकं मांडीवर घेऊन त्या रिक्षात बसल्या. मला म्हणाल्या, "सील घरी ठेवते. लागले तर फोन करा."

प्रेस अजून चालू आहे. फोन करायला काही कारण मिळालेलं नाही.