वीस मुलांची आवर्त सारणी

समजा, तुम्हाला नववीच्या वर्गाला मूलद्रव्यांची आवर्त सारणी शिकवायची आहे. प्रयोगशाळा नाही, छापील तक्ता नाही. वीस मुलं आहेत आणि परसातल्या काजूच्या बिया. कसं शिकवाल?

१९६१च्या जूनमध्ये कट्टा गावाजवळच्या एका शाळेत विश्राम वालावलकर मास्तरांनी मुलांनाच मूलद्रव्यं केलं. आठ-आठांच्या ओळी, सारख्या गुणांची मुलं एकामागे एक. ज्याच्या बाहेरच्या कक्षेत जितके इलेक्ट्रॉन, तितक्या बिया त्याच्या मुठीत. सोडियम झालेला बाबली आपली एकुलती बी देऊन टाकायला टपलेला असे. क्लोरीन झालेला धोंडू सात बिया धरूनही हात पसरून बसे.

"सात आसत, तरी हावरो तो हावरोच," यशोदा म्हणायची.

बी धोंडूच्या हातात पडली की दोघं मिळून मीठ. वर्ग हसायचा आणि शिकायचा.

मास्तरांचा नियम एकच होता. दुसऱ्याचे गुण आपण सांगायचे नाहीत, त्यालाच विचारायचं. त्यामुळे प्रत्येक जण आपलं मूलद्रव्य गोठ्यातल्या गुरासारखं ओळखू लागला. मुख्याध्यापकांना हा पोरखेळ वाटे. वार्षिक तपासणीत मुलांनी उत्तरं दिली तरच हे पुढे चालेल, असं त्यांनी बजावलं.

गणपतीला मुंबईत नोकरी करणारे चाकरमानी गावी आले आणि परतताना नेहमीप्रमाणे भाचे-पुतणे कामाला घेऊन गेले. बाबली गेला, धोंडू गेला. मास्तरांनी बाबलीच्या आईला, काशीबाईला, पोराला मार्चपर्यंत तरी ठेवायला सांगून पाहिलं होतं. मुंबईतली जागा मार्चपर्यंत थांबत नाही, असं म्हणून तिनं त्यांना चहा दिला. भातकापणीत उरलेली मुलंही रोज येईनात. मास्तरांनी त्यांना दोन-दोन मूलद्रव्यं वाटून दिली. ती पक्की झाली नाहीत.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी रिकाम्या जागेकडे बोट दाखवून सोडियमचे गुण विचारले. यशोदा उभी राहिली.

"सोडियम मुंबयक गेलो, सर."

साहेब हसले. मग तूच सांग, म्हणाले. तिला येईना. ती मॅग्नेशियम होती. न विचारता तिनं मॅग्नेशियमचं सगळं सांगितलं. साहेब घड्याळ बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून फळ्यावरची नावं घोकणं सुरू झालं. ते आज, तीन वर्षांनंतरही, चालू आहे, आणि मुलं अजून जातात.

मास्तर त्याच शाळेत आहेत. भेटेल त्याला ते एवढंच विचारतात: एकच मूलद्रव्य नीट शिकून गेलेल्या बाबलीला रसायनशास्त्र आलं म्हणायचं, की नाही?