तात्यांचा उंबरा

आमच्या शेजारच्या तात्यांच्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेचा होता, चष्म्याची एक काडी सुतळीची, आणि अंगणाला फाटक म्हणून मोडक्या खाटेची चौकट. कुणी हसायच्या आत तेच सांगत, "टेंपरवारी हाय, राव. पक्कं मागनं करू."

हा शब्द त्यांना धरणाने दिला. त्यांचं गाव पाण्याखाली जायच्या वेळी आमच्या शिनोलीच्या कडेला पत्र्याची शेड मिळाली. ती 'टेंपररी' आहे, असं कुणीतरी साहेब म्हणाला. तात्यांनी शेडीबरोबर शब्दही घरात घेतला. त्यांचा मुलगा संतोष त्या शेडीतच जन्मला, शिकला, पुण्यात नोकरीला लागला आणि लग्न करून तिकडचाच झाला. तरी शेड आपली टेंपरवारीच!

गावाचं मात्र त्यांच्यावाचून पान हलत नसे. माझ्या बहिणीच्या लग्नात वावटळीने मांडव उचलला, तेव्हा तात्यांनी ट्रॅक्टर आणून उभा केला आणि सगळे दोर त्याला बांधले. "नवरी सासरी जाईस्तवर हालायचा नाय," म्हणाले. नाहीच हलला. वडील त्यांना चिडवत, "तात्या, तुमचा श्वाससुद्धा टेंपरवारी!" यावर तात्याच सगळ्यांत मोठ्याने हसत.

एका वस्तूला मात्र ते कुणाला हात लावू देत नसत. बुडालेल्या घराचा सागवानी उंबरा त्यांनी बैलगाडीतून आणला होता. तो पत्र्याला टेकून उभा असे. दिवाळीला तात्या त्याला तेल लावत. "बसवा की इथंच दाराला," मी एकदा सहज म्हटलं. तात्या एकदम कडक झाले.

"उंबरा टेंपरवारी बसवत न्हाईत. संत्या घर बांधंल, तवा बसंल."

संत्या दर सुट्टीत "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायचा. पुढे सुट्टीला येणंही कमी झालं.

गेल्या हिवाळ्यात तात्या त्याच शेडीत गेले; मागे काकू एकट्या उरल्या. दहाव्याला नदीकाठी पिंड मांडला आणि कावळा काही शिवेना. झाडावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. "काकूंना सांभाळू," असं भावकीतल्या एकेकाने सांगून पाहिलं. जीव कशात अडकलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"संतोष, घराचं बोल," काकू म्हणाल्या.

त्याने हात जोडले. "तात्या, घर बांधतो. उंबरा बसवतो."

कावळे ढिम्म. ऊन चढलं, माणसं सावलीला सरकली. संतोषने मोबाईल पाहिला आणि गुरुजींजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाला, "मला दुपारी निघायचंय. टेंपरवारी काही करता येईल का?"

बापाचा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

गुरुजींनी दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला लावला. शास्त्राला तेवढं चालतं. माणसं अंघोळीला उठली.

काकू तिथंच बसून राहिल्या होत्या. मी हात दिला, तेव्हा पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "शेवटचं तरी पक्कं व्हायचं व्हतं, भाऊ."