ओळी पुढे, आवाज मागे

वेबपानावर आवाज, चित्र आणि अक्षरे एकत्र चालवायची असतील, तर प्रत्येक ओळीसाठी दोन आकडे द्यावे लागतात: ती कितव्या सेकंदाला दिसावी आणि कितव्या सेकंदाला जावी. संगणकाला अर्थ कळत नाही, सेकंद कळतात. हे मी बोरगावजवळच्या आमच्या शाळेत सातवीतल्या एका मुलीसाठी शिकलो. तिला ऐकू फार कमी येई. पडद्यावरच्या ओळी वाचून ती वर्गाबरोबर राहते का, हे पाहायला बेळगावहून अधिकारी येणार होते. नाही राहिली, तर तिला तिथल्या कर्णबधिरांच्या निवासी शाळेत पाठवायचे होते.

"तिकडं एकटी ऱ्हाणार न्हाय वो सर ती," तिचे वडील आदल्या दिवशी म्हणून गेले.

त्याच दुपारी वनस्पतींच्या पाठाच्या ध्वनिमुद्रणात ट्रॅक्टरची घरघर आढळली. मी पाठ पुन्हा मुद्रित केला, या वेळी कागद हातात न घेता. चित्रे नव्या आवाजाला जुळवली. ओळींच्या वेळा तपासल्या नाहीत. मजकूर तोच होता.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच वाक्याला ताळमेळ सुटला. चित्र मुळाचे, आवाज मुळाविषयी आणि खालची ओळ पानांपर्यंत पोहोचलेली. अधिकाऱ्यांनी फळ्यावर लिहिले, 'मातीतले पाणी कोण शोषते?' मुलीने ओळ वाचली, चित्र पाहिले, पुन्हा ओळ वाचली.

"पान."

अधिकाऱ्यांनी निवासी शाळेचा अर्ज काढून पेन उघडले.

"साहेब, चूक तिची नाही," मी म्हणालो. पण कुठे होती, हे सांगता येईना.

तिच्या बाकावरची शेजारीण उठली. "सर, तुम्ही सगळं दोनदा सांगितलासा की! एकदा मराठीत, एकदा कानडीत. खाली लिवलंय एकदाच."

वर्ग हसला. मराठी वाक्य घरी कानडी बोलणाऱ्यांसाठी लगेच कानडीत फिरवायची माझी जुनी सवय मुद्रण करताना रिकाम्या खोलीतही सुटली नव्हती.

मी दहा मिनिटे मागितली. शेजारीण आवाज ऐकून प्रत्येक मराठी वाक्याला मुलीच्या खांद्यावर टिचकी मारी, मुलगी पडद्यावरचे सेकंद वहीत लिही आणि मी घाईने आकडे भरी.

पाठ पुन्हा लागला. तोच प्रश्न.

"मूळ," ती म्हणाली. "मगाशी अक्षरं पळत होती."

अधिकाऱ्यांनी अर्ज घडी घालून पिशवीत ठेवला. "वर्षाअखेरीला परत बघतो. तोवर राहू दे इथंच."

मुलीचे लक्ष तिकडे नव्हते. वही पडद्याशी ताडून तिने एका ओळीखाली रेघ मारली. मी तिथे आकडा चुकीचा भरला होता.