सप्ताहाच्या ताटात मिसळ

हर्षालीचा आवाज कोणाला ऐकूच जात नाही, ही तिच्या आईची, मीनाची काळजी पार बालवाडीपासूनची. वर्गात ही "हजर" म्हणायची आणि बाई गैरहजेरी मांडायच्या. रिक्षाला हात करून हाक मारली, तर रिक्षा पुढच्या चौकात पोचलेली असायची. पुढे पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाली, तरी आमटीत मीठ कमी आहे हे घरी दोनदा सांगूनही कोणाच्या कानावर पडायचं नाही. आणि अशा मुलीने काम काय पत्करावं, तर संगीत महोत्सवातला कचरा थांबवण्याचं! जिथे स्पीकरच्या भिंती उभ्या करतात, तिथे हिचं कोण ऐकणार?

महोत्सव होता दिंडोरीजवळ, द्राक्षबागांच्या कडेला, पुंजाभाऊंच्या मोकळ्या शेतात. मागच्या महोत्सवानंतर उन्हाळाभर नांगराच्या फाळाला प्लास्टिकचे ग्लास लागत होते, म्हणून या वेळी पुंजाभाऊंनी एकच अट घातली. "प्लास्टिकचा तुकडा घावला, तर परत शेत मागायला यायचं नाय." आयोजक रोहितने ती अट सरळ हर्षालीच्या गळ्यात घातली. जमलं तर त्याचे पुढचे सगळे कार्यक्रम तिच्याकडे. नाही जमलं, तर "मग बघू". त्या "मग बघू"ने मीनाची झोप उडवली होती.

बाजारात मक्यापासून केलेले कप मिळतात. ते हर्षालीने नाकारले. "आई, ते कुजवायला वेगळा कारखाना लागतो. शेतात टाकले तर वर्षानुवर्षं तसेच." तिला हवी होती स्टीलची ताटं, आणि ती गावातच होती. देवळामागच्या खोलीत हरिनाम सप्ताहाची भांडी होती. घराघरांतून आलेली, प्रत्येक ताटाच्या मागे गेलेल्या माणसाचं नाव कोरलेलं. सरपंचांनी फोनवरच "न्या की" म्हटलं. हर्षाली खूश, रोहित खूश.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"आई, सरुबाईंनी खोलीला कुलूप लावलंय."

"कोण सरुबाई?"

"भजनी मंडळाच्या. किल्ली त्यांच्याकडे असते. इथे स्टॉलचे बोर्ड लागले आज."

"मग?"

"एका बोर्डावर बोकडाचं चित्र आहे."

"अगं बाई, सप्ताहाच्या ताटात मटण? तुझ्या आजोळी नांदगावला असं कोणी बोललं असतं, तर आजीने उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं गं. पण पाणी किती लागेल, साबण कुठला वापरायचा, यातच डोकं अडकलं. ताट दिसलं, ताट कोणाचं ते दिसलंच नाही."

मीना हाताला लागला तो डबा भरून दिंडोरीच्या बसमध्ये बसली. डबा म्हणजे आपलं जायला निमित्त.

देवळाच्या पायरीवर सरुबाई मंडळातल्या बायकांसोबत मांडी घालून बसल्या होत्या. समोर रोहित हात जोडून उभा. "मौसी, हम धो के देंगे ना. गरम पानी से, एकदम चकाचक!"

"माज्या दारात येऊन हिंदी कशाला झाडतो रं? मला मराठी येती," सरुबाई म्हणाल्या. "धुशील, चांगलं धुशील. पन पुढल्या सप्त्यात त्या ताटात जेवणाऱ्याला मी काय सांगू?"

रोहित हर्षालीकडे वळला. "सोड यार. प्लास्टिकच्या प्लेट मागवतो. नंतर माणसं लावून शेत झाडून घेऊ."

"नको," हर्षाली म्हणाली. रोहितला ऐकू गेलं नाही. तो नंबर शोधत होता. तेवढ्यात हर्षालीने त्याच्या फोनवर सरळ तळहात ठेवला.

"नको म्हटलं ना. दोन दिवस मटण-चिकन बंद. मिसळ, थालीपीठ, पिठलं-भाकरी. स्टॉलवाल्यांशी मी बोलते."

"अगं, पब्लिक मारेल आपल्याला!"

"नाशकात मिसळ दिली म्हणून अजून कोणी कोणाला मारलेलं नाही."

पायरीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सरुबाई नाही हसल्या. "आन् बोर्डावर ती वाईन बी हाय, तिचं?"

"ती काचेच्या ग्लासात, आजी. तिचा तंबू पार बांधाकडे. तुमची ताटं तिकडे जाणार नाहीत, त्यांचे ग्लास इकडे येणार नाहीत."

सरुबाईंनी मीनाकडे पाहिलं. "ही तुमची का?"

"हो."

"लय हळू बोलती." मीनाची मान खाली गेली. "पन बोलती," असं म्हणत त्यांनी कमरेची किल्ली काढली.

बिर्याणीवाला तासभर भांडला आणि शेवटी मसालेभात करायला तयार झाला.

दुसऱ्या दिवशी ऊन कललं तशी गर्दी उसळली. मिसळीपुढे रांग लागली आणि भांडी धुण्याच्या टाक्यांपाशी खरकट्या ताटांचा ढीग. धुणारी माणसं हात चालवत होती, पण ताटं परत येईपर्यंत रांग दुप्पट व्हायची. लोक ओरडायला लागले. रोहित धावत आला. "हर्षाली, गाडीत प्लास्टिकच्या प्लेट आहेत. मी आणूनच ठेवल्यात. सेफ साइड! काढू?"

एक बँड उतरत होता, दुसरा तारा जुळवत होता. हर्षाली मधल्या वेळात स्टेजवर चढली. मीनाने डोळे गच्च मिटून घेतले.

"तुमच्या हातातलं ताट उलटं करा," माइकमधून तोच हळू आवाज आला, पण आता तो पार बागेपर्यंत पोचला. "मागे एक नाव आहे. वाचा."

मग कोणीतरी ओरडलं, "कैलासवासी तानुबाई!" हशा पिकला. "माझ्याकडे नवसाबाई!"

"ही या गावची माणसं. त्यांच्या घरच्यांनी ही ताटं पंगतीसाठी दिलीत. आणि इथल्या पंगतीत आपलं ताट आपणच धुवायचं असतं. नळ डाव्या हाताला आहेत. धुवा आणि मागच्याच्या हातात द्या."

मीनाने डोळे उघडले तेव्हा रांग नळाकडे वळली होती. ढोलवाल्या पोराने रांगेच्या बाजूला ठेका धरला. टॅटूवाले, टोपीवाले, निळ्या केसांच्या पोरी, सगळे बाह्या सरसावून उभे.

"ए, तानुबाईंना नीट घास!"

"तू आधी तुझ्या नवसाबाईंचा साबण काढ!"

ताटं धुतलेलं पाणी चर खणून पुंजाभाऊंच्या गुरांच्या घासाच्या वाफ्यात सोडलं होतं, तिकडे ते झुळझुळत चाललं होतं. सरुबाई रांगेतून फिरत होत्या. एका पोरीच्या हातातल्या ताटापाशी त्या थबकल्या. मागे लिहिलं होतं, कै. लहानू.

"आजी, हे कोण होते?"

"आमचं मालक. भजनात टाळ वाजवायचे. जन्मभर बेताल."

सगळी रांग हसली. त्या पोरीने ताट पुन्हा एकदा धुतलं आणि स्वतःच्या ओढणीने पुसून सरुबाईंच्या हातात दिलं. रोहितच्या गाडीतल्या प्लेट गाडीतच राहिल्या, त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही.

महोत्सव उठल्यावर सकाळी पुंजाभाऊ शेत बघायला निघाले. मागे हर्षाली, रोहित आणि मीना. सापडली एक चप्पल, दोन रुमाल आणि कोणाची तरी टोपी. बांधाजवळ मात्र पुंजाभाऊ वाकले आणि त्यांनी नखाएवढा तिकोनी तुकडा उचलला.

"ह्ये काय?"

रोहितचा चेहरा पांढरा पडला. "पिक आहे, भाऊ. गिटार वाजवायची."

पुंजाभाऊंनी तो उन्हात धरला, उलटसुलट पाहिला आणि खिशात टाकला. "नातीला देतो. प्लास्टिक तर मला कुठं दिसलं नाय." मग हर्षालीकडे बघून म्हणाले, "पुढल्या साली टमाटे जरा उशिराच, तुमचा कार्यक्रम झाल्यावर लावीन म्हनतो."

हर्षालीने आईचा दंड इतका जोरात दाबला की बोटं उमटली.

मायलेकी निघाल्या तेव्हा सरुबाई देवळामागच्या खोलीत ताटं रचत होत्या. "पुढल्या साली मानसं वाढतील," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ताटं पुरायची नाय."

घरी आल्यावरही मीनाला ते वाक्य सोडेना. तिची आई, वत्सलाबाई, जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या नावाने काहीतरी करू, असं भावंडं नुसतीच म्हणत होती. दारात आलेल्याला जेवू घातल्याशिवाय जिने कधी सोडलं नाही, तिचं नाव पंगतीतल्या ताटांवर असायला हवं. तिने जन्मात गिटार ऐकली नव्हती. आता ऐकेल की. मीनाने कोणालाही न विचारता फोन उचलला आणि सरुबाईंचा नंबर काढला.